कुरकूर आणि वंगण

वाचकहो, गळक्या नळाला वायसर कसा घालावा, दाराच्या बिजागरीचा आवाज कसा घालवावा, शिवणयंत्राचा खडखडाट कसा थांबवावा, असल्या गोष्टी मी या सदरातून तुम्हांला वरचेवर सांगत असतो. सांगताना माझा आव एखाद्या मुरलेल्या कारागिराचा असतो, हे तुमच्या लक्षात आले असेलच. वर्षभर मी उपदेश करावा आणि तुम्ही तो मुकाट्याने ऐकून घ्यावा, असा आपला रिवाज. पण दिवाळीच्या अंकात तेच करणे बरे दिसणार नाही. म्हणून यंदा फराळाच्या ताटाबरोबर एक कबुली वाढतो. कबुली माझ्या एका चुकीची आहे. ती चूक केवळ बोटभर ग्रीसची होती. पण तिच्यापायी मी चार जिवांना संकटात लोटले होते. त्यांत पाचवा मीही होतो, हे सोडून द्या.

माझे बालपण आजोळी सातारा जिल्ह्यात गेले. घरी बैलगाडी होती. गाडीच्या कण्याखाली बांबूचे एक नळकांडे लोंबत असे आणि त्यात एरंडेलात पेंढ्याची काळी राख कालवून केलेले वंगण भरलेले असे. चाक करकरू लागले की आजोबा गाडी थांबवायचे, कुणी काढायचे, चाक थोडे बाहेर ओढायचे आणि मला म्हणायचे, “घाल रे बोट.” मी नळकांड्यात बोट बुडवून ते काळेशार वंगण आखाला चोपडायचा. चाक पुन्हा बसले, बैल चालू लागले, की आवाज बंद! त्या वयात मला वाटे की जगातल्या सगळ्या दुखण्यांवर हाच उपाय असावा. पुढे आयुष्यभर सायकल, शिलाई मशीन, पंखा, झोपाळ्याच्या कड्या, जे म्हणून कुरकुरले त्याला मी तेल घातले आणि बहुतेक वेळा मला यशही आले. माणसाला वारंवार यश आले की त्याची विचार करण्याची सवय सुटते. माझेही तसेच झाले.

माझा भाचा इंग्लंडात लेस्टर येथे राहतो. त्याने एक जुनी कॅरव्हॅन विकत घेतली. कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. तिला स्वतःचे इंजिन नसते; मोटारीच्या मागे जोडून ती ओढून न्यायची. आत चार माणसांच्या निजण्याची सोय, लहानशी शेगडी, पाण्याचे भांडे, कपाटे. शब्द मात्र मूळचा फारशी. काफिल्याला तिकडे कारवां म्हणत. तोच शब्द साहेबाच्या देशात जाऊन एका खोलीचे नाव होऊन बसला. या हौसेचा प्रारंभ तिकडे १८८५ साली झाला. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका डॉक्टराने ‘वाँडरर’ नावाची घरगाडी बांधवून घेतली आणि ती घोडे जोडून देशभर हिंडवली. मोटारीमागे ओढायच्या कॅरव्हॅना विकायला आल्या त्या पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या सुमारास. आपल्याकडेही २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तेव्हा आज ना उद्या हा विषय आपल्याही अंगणात यायचा आहेच.

तर मी भाच्याकडे गेलो असता त्याने ठरवले की मामांना समुद्र दाखवायचा. डेव्हन परगण्यात जायचे, वाटेत ग्लॉस्टरशरमध्ये एक मुक्काम करायचा. भाचा, भाचेसून, त्यांची दोन मुले आणि मी अशी पाच माणसे निघालो. गावातली वळणे घेऊ लागताच मागून आवाज सुरू झाला. कर्रऽऽ कुंऽऽ कर्र! प्रत्येक वळणाला, प्रत्येक चौकाला. रस्त्यावरची माणसे वळून पाहू लागली. मुले हसू लागली. भाचेसून म्हणाली, “मामा, गेल्या खेपेपासून हे असंच चाललंय. शेजारी म्हणतात, तुम्ही निघालात की आम्हांला घड्याळ बघावं लागत नाही.”

भाचा म्हणाला, “जोडाचा आवाज आहे, मामा. बघायचं बघायचं म्हणतो आणि राहूनच जातं.”

मी मनात म्हटले, एवढे शिकलेले लोक, आणि साधे वंगण घालायचे सुचत नाही!

संध्याकाळी आम्ही मुक्कामाच्या तळावर पोचलो. हिरवेगार कुरण, ओळीने उभ्या कॅरव्हॅना, जो तो आपल्या दारात खुर्ची टाकून चहा पीत बसलेला. आमची स्वारी आत शिरली ती करकरतच. कपांत बुडालेली सगळी तोंडे एकदम वर झाली. भाचेसुनेचा चेहरा कानकोंडा झालेला मला दिसला. भाच्याने कॅरव्हॅन सोडवून जागेवर उभी केली. मोटारीच्या मागे तो जोडाचा लोखंडी गोळा तेवढा उघडा राहिला. मी वाकून पाहिले. लिंबाएवढा गोळा, काळ्या रंगाचा, मधूनमधून रंग खरवडलेला, आणि तेलाचा एक थेंब नाही! मला दुखण्याचे मूळ सापडले.

रात्री सगळी निजल्यावर मी विजेरी घेऊन बाहेर आलो. कॅरव्हॅनच्या पेटीत ग्रीसचा एक डबा होता. उभ्या कॅरव्हॅनला चार कोपऱ्यांत टेकू देणारे जे स्क्रूचे पाय असतात, त्यांच्या आट्यांना लावण्यासाठी भाच्याने तो ठेवला होता. मी आजोबांचे स्मरण केले, बोट बुडवले आणि गोळ्याला चांगला जाड थर चोपडला. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून कॅरव्हॅनच्या बाजूची जी वाटी त्या गोळ्यावर बसते, तिच्यातही बोट फिरवले. हात पुसले आणि शांतपणे निजलो. सकाळी आवाज गेलेला पाहून मंडळी चकित होतील, मग मी हळूच सांगेन, असा बेत होता.

सकाळी घाईघाईत गाडी जोडली गेली आणि आम्ही निघालो. आवाज बंद! भाचेसून म्हणाली, “अगबाई, आज गप्प कशी?” भाचा म्हणाला, “रात्री दव पडलं, त्यानं असेल.” मी खिडकीबाहेर पाहून हसलो.

ब्रिस्टलच्या अलीकडे मोठ्या हमरस्त्यावर ही घटना घडली. त्या रस्त्याला एम-५ म्हणतात. कॅरव्हॅन ओढणाऱ्या मोटारीला तिकडे ताशी ६० मैलांची, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटरची मर्यादा असते. आम्ही त्याच्या आतच होतो. रस्ता थोडा उतरता होता. मागून एक मोठी प्रवासी बस आली आणि आम्हांला मागे टाकून गेली. तिच्या वाऱ्याचा धक्का कॅरव्हॅनला बसला. आधी ती किंचित डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. आणि दर खेपेला आधीपेक्षा जास्त. मोटारीचा मागचा भाग तिच्याबरोबर ओढला जाऊ लागला. शेपूट कुत्र्याला हलवू लागले म्हणा ना! मुले ओरडली. भाचेसुनेने मागे हात करून धाकटीचा हात घट्ट धरला. भाच्याचे मी कौतुक करीन. त्याने ब्रेकला पाय लावला नाही. पाय फक्त वेगावरून काढला, चक्र सरळ धरून ठेवले आणि तोंडातून शब्द काढला नाही. दहा-बारा सेकंदांत वेग उतरला, झोके लहान झाले आणि थांबले. ते दहा-बारा सेकंद मला अजून आठवतात. मी देवाचे नाव घेत होतो, पण मनात डोळ्यांपुढे दिसत होता तो ग्रीसचा डबा.

पुढच्या विसाव्याच्या ठिकाणी आम्ही सावकाश जाऊन थांबलो. भाचा खाली उतरला, जोडाशी वाकला, बोट लावून पाहिले आणि ते बोट तसेच वर धरून माझ्याकडे वळला.

“मामा, हे ग्रीस कुणी लावलं?”

खोटे बोलणे शक्य नव्हते, आणि बोललो असतो तरी माझ्या सदऱ्याच्या बाहीवरचा डाग बोललाच असता. मी म्हणालो, “मी लावलं रे. रात्री. आवाज जावा म्हणून.”

तो काही बोलला नाही. तो बोलला असता तर मला बरे वाटले असते.

शेजारीच दुसरी एक कॅरव्हॅन उभी होती. तिचे मालक, सत्तरी ओलांडलेले एक इंग्रज गृहस्थ, आमची गडबड पाहून जवळ आले. त्यांनी गोळा पाहिला, वाटीत डोकावले आणि भाच्याला विचारले, “तुमच्या जोडाला स्टॅबिलायझर आहे ना? मग त्याला ग्रीस का?” भाच्याने माझ्याकडे न पाहता सांगितले, “चुकून लागलं.” ते म्हातारे बहुधा सगळे समजले. त्यांनी मला जवळ बोलावले आणि जे समजावून सांगितले, ते आता तुम्हांला सांगतो; कारण सगळ्या गोष्टीचे मर्म त्यातच आहे.

मोटारीच्या मागे जो गोळा असतो तो युरोपात ५० मिलिमीटर व्यासाचा असतो. कॅरव्हॅनच्या पुढच्या दांड्याला एक वाटी असते; ती या गोळ्यावर बसते आणि खटक्याने अडकते. खांद्याच्या खोबणीत हाड फिरावे तशी ती गोळ्यावर फिरते, म्हणूनच वळण घेता येते, चढउतार पार करता येतात. साधा मालवाहू ट्रेलर असेल तर वाटी आणि गोळा यांच्यामध्ये ग्रीस हवेच. नाही तर लोखंडावर लोखंड घासून दोन्ही झिजतात. इथपर्यंत माझ्या आजोबांचे शास्त्र बरोबर होते.

पण कॅरव्हॅन ही उंच आणि लांब असते. वारा तिला एखाद्या शिडासारखी ढकलतो. एकदा ती हेलकावू लागली की झोका वाढत जाण्याचा धोका असतो. म्हणून बऱ्याच कॅरव्हॅनांच्या वाटीत दोन किंवा अधिक पॅड बसवलेले असतात. मोटारीच्या ब्रेकमध्ये असते तसल्याच जातीचे हे द्रव्य. एक जादा दांडा खाली दाबला की हे पॅड गोळ्याला दोन्ही बाजूंनी आवळतात. दोन बोटांत सुपारी घट्ट धरावी तसे. मग जोड फिरतो, पण कष्टाने फिरतो. वळण घेताना मोटारीची ताकद त्याला सहज फिरवते. परंतु वाऱ्याने सुरू झालेला लहानसा झोका त्या पकडीत जिरून जातो. यालाच स्टॅबिलायझर म्हणतात. सारा कारभार घर्षणावर आहे. तिथे ग्रीस घालणे म्हणजे सायकलच्या ब्रेकच्या रबरांना तेल लावण्यासारखेच.

म्हातारे म्हणाले, “जो सांधा फिरण्यासाठी असतो त्याला तेल द्यावं. हा सांधा धरण्यासाठी आहे.”

मग आवाज का येत होता? त्याचेही उत्तर साधे आहे. सारंगीच्या गजाला राळ लावतात. राळेमुळे गज तारेला चिकटतो, तार ओढली जाते, ताण वाढला की सुटते, पुन्हा चिकटते, पुन्हा सुटते. असे एका सेकंदात शेकडो वेळा होते आणि त्यातून स्वर निघतो. पॅड आणि गोळा यांच्यामध्येही हेच चालते: चिकटणे आणि सुटणे. मोटार हळू आणि वळणावर असली की हा प्रकार जास्त होतो. म्हणून गावात करकर आणि हमरस्त्यावर शांतता. तेव्हा थोडीशी कुरकूर हे दुखणे नव्हेच. जोड आपले काम करीत आहे एवढाच तिचा अर्थ. आपल्याकडे कोल्हापुरी वहाणांची करकर शौकिनांनी पैसे मोजून विकत घेतली, तशातलीच ती.

पण आमच्या जोडाची कुरकूर थोडीशी नव्हती, आणि तिचे कारण गोळ्यावरच दिसत होते. भाच्याने मोटारीला तो जोड नवा बसवून घेतला होता. नव्या गोळ्यावर गंज चढू नये म्हणून काळा रंग दिलेला असतो. स्टॅबिलायझर लावण्यापूर्वी तो रंग पार खरवडून गोळा उघडा, चकचकीत करावा लागतो. ते राहून गेले होते. रंगाचे पापुद्रे निघून पॅडला चिकटले, पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला आणि आवाज वाढत गेला. म्हणजे ती कुरकूर काही सांगत होती. भाचा ती ऐकून उद्यावर ढकलत होता, आणि मी तिचे तोंडच बंद करून टाकले. दोघांपैकी कोणीही ती काय म्हणते ते विचारले नव्हते.

एवढ्यावर थांबलो तर मात्र अर्धेच खरे सांगितल्यासारखे होईल. त्या म्हाताऱ्यांनी स्वतःच्या पेटीतून वजन पाहण्याचे एक लहान साधन आणले आणि आमच्या कॅरव्हॅनचे नाक, म्हणजे जोडाचे टोक, मोटारीवर किती भार टाकते ते मोजले. ३० किलोच्या थोडे वर भरले. आमची कॅरव्हॅन सामानासकट सुमारे १२०० किलोची. तिच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के, म्हणजे ६० ते ८४ किलो भार नाकावर हवा. मात्र मोटारीला आणि जोडाला जी मर्यादा नेमून दिली असेल तिच्यावर तो जाऊ नये. आमच्याकडे सकाळच्या घाईत तंबूची जड पिशवी, ४० लिटर पाण्याचा भरलेला पिंप आणि भाचेसुनेचा तांदळाचा साठा, सगळे मागच्या टोकाला गेले होते. शेपूट जड, नाक हलके. अशी गाडी झोके खाणारच. म्हातारे म्हणाले, “स्टॅबिलायझर चांगल्या भरलेल्या गाडीला मदत करतो, वाईट भरलेली गाडी सुधारत नाही.” हे ऐकून माझा अपराध थोडा हलका झाला, पण थोडाच. त्या दिवशी पकड जागेवर असती तर पहिला झोका दुसऱ्यापर्यंत पोचू नये, एवढे तरी तिने पाहिले असते.

आम्ही पाणी ओतून दिले, जड सामान चाकांच्या वर, जमिनीलगत आणून ठेवले. गोळा चिंध्यांनी आणि स्पिरिटने पुसून काढला. पॅड मात्र ग्रीस प्यालेले होते, आणि प्यालेले पॅड कितीही पुसले तरी त्यांचा भरवसा धरता येत नाही. जोड म्हणून जोड पक्का होता. पकड तेवढी गेली होती. म्हणून उरलेली वाट आम्ही डावीकडच्या पट्ट्यातून, अगदी बेताच्या वेगाने कापली आणि एक्सेटरजवळच्या एका कारखान्यात नवे पॅड बसवून घेतले. पैसे मी देऊ केले. भाचा म्हणाला, “मामा, रंग मीच खरवडला नव्हता. निम्मे निम्मे.” त्या क्षणी मला वाटले की समुद्र पाहिला नाही तरी चालेल.

आता सदराचा नेहमीचा भाग. कॅरव्हॅनचा जोड कुरकुरू लागला तर डबा उघडण्यापूर्वी काय करावे, ते क्रमाने सांगतो. तुमच्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे परदेशी आहेत. त्यांना हे पान धाडून द्या.

पहिली गोष्ट म्हणजे आवाज केव्हा येतो ते ऐकावे. हळू वळताना करकर आली तर संशय गोळा आणि पॅड यांवर. खात्री करायची असेल तर मोकळ्या, सपाट जागी स्टॅबिलायझरचा दांडा तेवढा वर उचलावा; जोडाचा मुख्य खटका मात्र अडकलेलाच ठेवावा, आणि माणसाच्या चालीने गाडी वळवून पाहावी. आवाज थांबला तर तो पॅडचाच. परीक्षा झाली की दांडा आठवणीने पुन्हा खाली दाबावा. तळावर अगदी आखूड वळणे घेताना काही लोक असाच दांडा उचलून पकड सोडतात. त्यात वावगे नाही. विसरणे मात्र वावगे.

निघताना किंवा ब्रेक लावताना आवाज आला, तर तो गोळ्याचा नव्हे. कॅरव्हॅनचा पुढचा दांडा एका नळीत मागेपुढे सरकतो आणि त्या सरकण्याने कॅरव्हॅनचे स्वतःचे ब्रेक लागतात. हा दांडा सुकला की कण्हतो. त्या नळीवर ग्रीस भरण्याची निपले असतात. तिथे ग्रीसगन लावावी आणि खुशाल ग्रीस भरावे. हा सांधा फिरणाऱ्या जातीचा आहे. माझ्या आजोबांचे शास्त्र इथे चालते. बाहेर आलेले ग्रीस पुसून घ्यावे, म्हणजे ते ओघळून वाटीकडे जाणार नाही.

आवाज करकर नसून ठक्क असा असेल, तर बोल्ट ढिले झाले असतील किंवा त्या दांड्यामागचा धक्का झेलणारा डँपर थकला असेल. तिथे आपली कारागिरी न चालवता जाणत्या माणसाकडे जावे.

दोष पॅडचाच ठरला तर गाडी सोडवावी, कॅरव्हॅनचा हातब्रेक ओढावा, चाकांना ठोकळे लावावेत. गोळ्यावर रंग असेल तो बारीक पॉलिश पेपरने सगळा काढावा, गंज काढावा आणि मग स्वच्छ फडक्यावर स्पिरिट किंवा ब्रेक साफ करायचे द्रव घेऊन फडके पांढरे निघेपर्यंत पुसावे. पॅड नुसते चकाकले असतील तर बारीक पॉलिश पेपरचा हलका हात फिरवून त्यांची चमक मारावी. धूळ तोंडाने फुंकू नये. ओल्या फडक्याने टिपावी. पॅड झिजले असतील किंवा तेल-ग्रीस प्याले असतील तर बदलावेत. जोडाबरोबर आलेल्या पुस्तिकेत झीज ओळखण्याची खूण दिलेली असते. गोळ्याचाही व्यास मोजावा. ५० मिलिमीटरचा गोळा झिजून कुठेही ४९ वर आला की त्याची सेवा संपली.

आणखी एक फसवी जागा सांगतो. गोळा वापरात नसताना त्यावर प्लास्टिकची टोपी घालतात. त्याच गोळ्याला कधी साधा ट्रेलर जोडला असेल, तर त्याचे ग्रीस या टोपीच्या आत बसलेले असते. तुम्ही गोळा घासूनपुसून लख्ख करता, वर टोपी चढवता, आणि सकाळी पॅड पुन्हा ग्रीसमध्ये! म्हणून गोळ्याबरोबर टोपीही आतून धुवावी.

आणि एवढे सगळे करूनही कॅरव्हॅन झोके खाऊ लागलीच, तर ब्रेक दाबू नये, वेग वाढवून तिला ओढून सरळ करण्याचा मोह धरू नये. पाय वेगावरून काढावा, चक्र सरळ धरावे, झोका आपोआप मरू द्यावा. मग थांबून सामान पाहावे आणि जोड पाहावा. आमच्या भाच्याने हेच केले, म्हणून हा मजकूर लिहायला मी शिल्लक राहिलो.

डेव्हनमध्ये आम्ही चार दिवस राहिलो. समुद्र पाहिला, मुलांनी वाळूचे किल्ले बांधले; मी त्यांना रायगडाचा बालेकिल्ला कसा असतो ते दाखवले. परतताना तळाच्या फाटकाशी आखूड वळण आले आणि मागून आवाज आला. कुंऽऽ! बारीक, एकदाच. नवे पॅड नव्या गोळ्याला धरीत होते. सगळी मोटार क्षणभर चिडीचूप झाली. मग धाकटीने माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे विचारले, “आजोबा, ग्रीस?”

मी दोन्ही हात खिशात घातले आणि म्हणालो, “नको ग बाई. बोलू दे तिला.”

त्यानंतर घरी आल्यापासून माझी एक सवय बदलली आहे. काही कुरकुरले की तेलाच्या बुधलीकडे हात जातो खरा, पण मध्येच थांबतो. आधी मी विचारतो, हा सांधा फिरणारा की धरणारा? आणि आवाज नेहमीचा आहे, की काही नवीन सांगतो आहे? एवढे विचारायला फार तर अर्धा मिनिट लागतो. त्या रात्री विजेरी घेऊन मी बाहेर आलो, तेव्हा तेवढा अर्धा मिनिट माझ्यापाशी नक्कीच होता.